बाप अरबस्तानचा, आई कोकणची: काही प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, दापोली

कामाची हद्द आज एकदाची ठरली. उत्तरेला बाणकोटची खाडी, दक्षिणेला रत्नागिरीचा मिरकरवाडा, आत खाडीच्या काठाकाठाने खेड-चिपळूणपर्यंत. या पट्ट्यातल्या कोकणी मुसलमान घरांमधली साठीच्या पुढची जी माणसं बोलायला राजी असतील, त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या. जोडीला मुंबईतलं माहीम आणि नाखुदा मोहल्ला, कारण इथल्या कुठल्याही घराची अर्धी गोष्ट मुंबईत जाऊनच पुरी होते.

आम्ही दोघं. मी ध्वनिमुद्रण, लिप्यंतर आणि जुनी कागदपत्रं बघणार. माझी सहकारी खेडकडची, याच समाजातली. बायकांच्या बैठकी पूर्णपणे तिच्याकडे.

प्रश्नावलीवरून संध्याकाळ गेली. माझ्या मसुद्यात पहिलाच प्रश्न होता, 'तुम्ही मूळचे कुठले?' तिने तो उचलून सगळ्यात शेवटी नेऊन ठेवला. म्हणाली, "हा प्रश्न तुम्ही कुळकर्ण्यांना विचारलात तर ते खुशीत येऊन गोत्र सांगतील. आमच्याकडे विचारलात तर माणूस आत जाऊन आधार कार्ड घेऊन येईल." गंमतीत म्हणाली, पण प्रश्न शेवटी गेला तो गेलाच. सुरुवात आता 'तुमच्या लहानपणी होडी कुठे लागायची?' इथून.

९ नोव्हेंबर, दाभोळ

धोपाव्याहून फेरीने आलो. पलीकडून येताना आधी मशिदीचा घुमट आणि चार मिनार दिसतात, गाव नंतर. विजापूरच्या जामा मशिदीच्या धर्तीवर बांधलेली ही शाही मशीद. गावात कोणी तिला शाही म्हणत नाही, 'मासाहेबांची मशीद' म्हणतात. गोष्ट अशी: विजापूरच्या आदिलशाही घराण्यातल्या मासाहेब हजला निघाल्या, दाभोळपर्यंत आल्या. समुद्र धोक्याचा झाला होता, गलबत सुटेना. मग यात्रेसाठी आणलेला पैसा त्यांनी इथेच मशिदीत घातला. बांधकाम १६५९-६० चं सांगतात.

ही गोष्ट मी दोन वेगवेगळ्या तोंडून ऐकली. एका चाचांच्या सांगण्यात चाच्यांची भीती, दुसऱ्यांच्या सांगण्यात मुलखातली लढाई. दोन्हींत मासाहेब मात्र बंदरावर अडकतात. मला यातली एक गोष्ट आवडली. अरबस्तानातून आलो म्हणणाऱ्या लोकांच्या गावातली सगळ्यात लाडकी कथा, अरबस्तानला जाऊ न शकलेल्या बाईची आहे.

दाभोळच्या बंदराने काय काय पाहिलं! १४५३ मध्ये महमूद गावान इराणच्या गिलानमधून निघून याच बंदरात उतरला आणि पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला. काही वर्षांनी रशियन व्यापारी अफानासी निकितिन इथूनच होर्मुझकडे परत फिरला. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडाने दीवच्या लढाईला जाता जाता गाव जाळलं, माणसं कापली. या तिन्हींपैकी एकाचंही नाव कुणाच्या बोलण्यात आलं नाही. मी अल्मेडाचा विषय काढून पाहिला. एक चाचा म्हणाले, "फिरंगी होते म्हणतात, किल्लाबिल्ला होता." पुढे काही नाही. पाचशे वर्षांपूर्वीची कत्तल विसरली, पण मक्केला न पोचलेली बाई जिवंत राहिली. तोंडी इतिहास हा असाच असतो. तिथे जागा मिळायला घटनेचा आकार मोठा असून भागत नाही. आजीला ती नातवंडाला सांगावीशी वाटली पाहिजे.

१० नोव्हेंबर, दाभोळ (रात्री)

शेवटचा प्रश्न विचारायची वेळच येत नाही. मूळचं गाव न विचारताच सांगतात. आज तिन्ही मुलाखतींत एकच कथा आली, तपशील थोडे इकडेतिकडे. इराकचा सुभेदार हज्जाज बिन युसुफ जुलमी होता. त्याच्या छळाला कंटाळून काही भली घराणी बसऱ्याहून गलबतात बसली आणि वारा नेईल तिकडे निघाली. कोकणच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं किंवा लागलं. इथल्या राजाने जागा दिली. ही माणसं बायका घेऊन आली नव्हती, लग्नं इथेच झाली.

हज्जाज खराच होऊन गेला, इ.स. ७१४ मध्ये मेला. भटकळच्या नवायत मुसलमानांतही हीच कथा आहे, माहीमच्या दर्ग्यातल्या मखदूम साहेबांच्या घराण्याबद्दलही हीच. एकाच साच्यातून निघालेली म्हणून ती बाजूला सारायची, हा एक मार्ग झाला. पण कोकणात जन्म काढलेल्या माणसाला हा साचा आणखी दोन ठिकाणी भेटलेला असतो.

चित्पावनांची कथा: समुद्राने किनाऱ्यावर चौदा प्रेतं आणून टाकली, परशुरामाने ती जिवंत केली. बेने इस्रायलांची कथा: अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं. नवगावला ती जागा दाखवतात. चौदा इथे, चौदा तिथे. परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला आणि जमीन काढली असं मानणाऱ्या या पट्टीवर राहायला आलेल्या प्रत्येकाला, असं दिसतं, समुद्रातूनच यावं लागतं. ब्राह्मण, यहुदी, मुसलमान, कुणाची सुटका नाही.

म्हणजे 'आम्ही बाहेरून आलो' ही या समाजाची परकेपणाची खूण म्हणून जी आज त्यांच्याच विरुद्ध दाखवली जाते, ती कथेच्या घडणीत बघितली तर सगळ्यात अस्सल कोकणी गोष्ट आहे. हे वाक्य अहवालात असंच जाईल.

सहकारीने हे ऐकून एकच शेरा मारला: "आमच्या कथेत बायका गलबतात नाहीत, एवढं लिही. तुमच्या नवगावच्या बिचाऱ्या निदान पोहत तरी आल्या."

२४ नोव्हेंबर, घरी, वाचन

कथेच्या पाठीमागे काय सापडतं ते आज नीट मांडून ठेवतो, म्हणजे पुन्हा पुन्हा उकरायला नको.

अरब प्रवासी अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे साधारण ९१६-१७ साली सैमूरला आला होता. सैमूर म्हणजे आपलं चौल. तिथे सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथले आणि इथेच जन्मलेले मिळून दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात असं त्याने लिहिलंय. इथे जन्मलेल्यांना तो 'बयासिरा' म्हणतो. त्यांच्या आपसातल्या कज्जांचा निवाडा करायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. राजा म्हणजे राष्ट्रकूट, अरबांच्या लेखी 'बल्हरा'.

दुसरा पुरावा त्याहून ठोस, तांब्यावर कोरलेला. १९५५ मध्ये पालघरकडच्या चिंचणीला ताम्रपट निघाले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे ९२६ सालचा, राष्ट्रकूट इंद्र तिसरा याच्या काळातला. त्यात संजाणचा मांडलिक अधिकारी म्हणून मधुमती सुगतिप हे नाव येतं. मधुमती म्हणजे मुहम्मद, बापाचं नाव सहियारहार, अर्थात शहरियार. याने काय केलं? दोन नद्यांवर लोकांसाठी फुकट होडीची ये-जा चालू केली. अन्नछत्र काढलं, तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप मिळायचं. आणि भगवतीच्या मठासाठी जमीन द्यायला त्याने संमती दिली. संस्कृतात लिहिलेला ताम्रपट, मुसलमान अधिकारी, देवीचा मठ, भातावर तूप.

याने हज्जाजची कथा खरी ठरत नाही. त्या दोघांत दोनशे वर्षांचं अंतर आहे. पण दहाव्या शतकात या किनाऱ्यावर मुसलमान पाहुणे नव्हते, घर करून राहिलेले होते, एवढं यातून पक्कं होतं. जुलमाला कंटाळून पळाले की मिरी-सागवानाच्या फायद्यासाठी आले? व्यापारी आले असणार, हे माझं मत. पण नातवंडांना कुणी 'तुझा पणजोबा नफ्यासाठी आला' असं सांगत नाही. सगळेच पळून आलेले सांगतात.

१ डिसेंबर

मुरूडच्या एका निवृत्त मास्तरांचा फोन. आमच्या हद्दीबाहेरचे, तरी बोललो. जंजिऱ्याची पिंपांची गोष्ट त्यांनी फोनवरच सांगितली: खडकावर कोळ्यांचा मेढेकोट, प्रमुख राम पाटील. निजामशाहीचा पिरमखान व्यापारी बनून आला, पिंपं उतरवून ठेवायला जागा मागितली, पाहुणचार म्हणून दारू पाजली, रात्री पिंपांतून शिपाई निघाले. मास्तर स्वतः मुसलमान, पण सांगताना आवाज सगळा राम पाटलाच्या बाजूचा. "बिचाऱ्याने विश्वास टाकला" असं दोनदा म्हणाले. ध्वनिमुद्रण नाही, फक्त टिपण. पुढच्या वर्षी हबसाणाचं, म्हणजे जंजिऱ्याच्या मुलखाचं, वेगळं काम काढावं.

८ डिसेंबर, खेड

आजची बैठक स्वयंपाकघरात झाली. ठरवून नव्हे. आजींनी बाहेर बसायला नकार दिला, कारण तिसऱ्या (खायचे शिंपले) निवडायच्या होत्या. मी ध्वनिमुद्रक ओट्यावर ठेवला. फाइलभर शिंपल्यांचा खळखळाट आहे आणि तो मी काढणार नाही.

आजींनी विळीच्या पात्यावर शिंपला टेकवायचा, अंगठ्याने जरा दाबायचा, तो उघडला की मांस असलेली अर्धी बाजू टोपात, रिकामी बाजू सुपात. हात थांबत नाही आणि बोलणंही थांबत नाही. बोलण्याचा विषय होता धाकटी सून. ती उत्तर हिंदुस्तानी घरातली, मुंबईत वाढलेली, पाच वेळची नमाजी. लग्नानंतर पहिल्यांदा घरी आली आणि ताटात तिसऱ्या बघून हात आखडला. तिच्या माहेरी मासळी चालते, शिंपल्यातलं चालत नाही. माकुलही नाही, कालवंही नाही. कोलंबीवरसुद्धा त्यांच्याकडे दोन मतं.

कारण सरळ आहे. सुन्नींमध्ये धर्मनियमांचे वेगवेगळे पंथ आहेत. भारतातले बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी पंथाचे आहेत आणि कोकणी मुसलमान शाफई. हनफी फिक्हमध्ये, म्हणजे धर्मनियमांत, पाण्यातलं मासळीएवढंच हलाल, शाफईमध्ये समुद्रातलं जवळजवळ सगळं. कुर्लीवर (खेकड्यावर) मात्र शाफई आलिमांतही वाद आहे, कारण ती जमिनीवरही जगते. त्यामुळे घराघरांत वेगळं उत्तर मिळतं. या आजींच्या घरी कुर्ल्या खातात. शेजारी खात नाहीत.

शाफई लोक कुठे कुठे सापडतात ते नकाशावर बघितलं तर डोळे उघडतात. येमेन, सोमालिया आणि पूर्व आफ्रिकेचा किनारा, मग आपलं कोकण, भटकळ, केरळचे मापिल्ले, तमिळ किनारा, पुढे मलाया, जावा. जिथे जिथे अरबी गलबतं वाऱ्यावर गेली आली, तिथे तिथे शाफई. दिल्लीकडून, खुश्कीच्या वाटेने आलेला इस्लाम हनफी. म्हणजे बसऱ्याच्या कथेचं काय असेल ते असो, समुद्रमार्गाचा पुरावा आजींच्या टोपात शिजत होता. दुपारनंतरची असरची नमाज इथे मुंबईतल्या इतर मशिदींपेक्षा लवकर का होते, पहाटेच्या फजरच्या नमाजीत इथे रोज कुनूत ही दुआ का पढतात, त्याचंही उत्तर हेच.

सुनेचं पुढे काय झालं? आजी म्हणाल्या, "आता रस्सा खाते. तिसऱ्या काढून देते नवऱ्याला."

२० डिसेंबर, माहीम

जत्रेचे दिवस. दर्ग्याच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. मखदूम अली माहिमी, जन्म १३७२, मृत्यू १४३१. कुराणावर अरबीत भाष्य लिहिलेला हा विद्वान कोकणी मुसलमानांचा सगळ्यात मोठा वडीलधारा. जत्रेत पहिला संदल, म्हणजे चंदन वाहण्याचा मान, माहीमच्या पोलिसांचा असतो, हे मुंबईकरांना सांगायला नको.

त्यांच्याबद्दलच्या दोन कथा प्रत्येकाकडे आहेत. पहिली पाण्याच्या वाटीची. आईने रात्री पाणी मागितलं, ते आणेपर्यंत तिचा डोळा लागला, मुलगा वाटी हातात घेऊन उजाडेपर्यंत उभा राहिला. दुसरी ख्वाजा खिज्रची. माहीमच्या किनाऱ्यावर पहाटे खिज्र भेटायचे आणि मुलाला विद्या द्यायचे. खिज्र म्हणजे पाण्याचा रखवालदार. होडीवाल्यांचा भरवसा त्यांच्यावर.

आज एका नाखवा कुटुंबातल्या काकांशी बोललो. (आडनाव देत नाही, नाखव्यांची घरं मुंबईत आता मोजकी आणि एकमेकांना ओळखणारी.) त्यांच्याकडून मला खिज्रची कथा ऐकायची होती, त्यांना जामा मशिदीबद्दल बोलायचं होतं. क्रॉफर्ड मार्केटजवळची ती मशीद १८०२ मध्ये पुरी झाली, कोकणी व्यापाऱ्यांच्या पैशावर उभी राहिली आणि रोघे घराण्याचं नाव तिच्याशी कायम जोडलेलं आहे. गलबतांचे मालक, चीनपर्यंतचा व्यापार, इंग्रज गव्हर्नरकडे उठबस. "तेव्हा मुंबईत मुसलमान म्हटलं की कोकणी," काका म्हणाले. "आता कोकणी म्हटलं की लोक विचारतात, ख्रिश्चन का?"

या वाक्यात हसू होतं. मी पुढचा प्रश्न विचारायला थोडा वेळ घेतला.

११ जानेवारी २०२५, दाभोळ खाडीकाठचं एक गाव

आज नल्ली हातात घेऊन बघायला मिळाली.

नल्ली म्हणजे खलाशाची नोंदवही, प्रत्येक बोटीवर चढल्या-उतरल्याची नोंद असलेली. ऐकत आलो होतो, पाहिली नव्हती. घरचे बुजुर्ग सारंग होते. नव्वदीला आलेत, ऐकू कमी येतं, नजर अजून चांगली. पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीत रुमाल, रुमालात नल्ली. कडक पुठ्ठा, कोपरे झिजून गोल झालेले. आत फोटो: विशीतला पोरगा, मानेवर कॉलर ताठ. शेजारी अंगठ्याचा ठसा. उंची, अंगावरच्या खुणा, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. पुढे पानंच्या पानं रकाने: बोटीचं नाव, हुद्दा, कुठे चढला, कुठे उतरला. शेवटच्या रकान्यात कामाबद्दल आणि वागणुकीबद्दल इंग्रजी शिक्का: व्हेरी गुड, व्हेरी गुड. सगळीकडे तोच. एका ओळीत मात्र शिक्का नाही, तिथे नुसती शाई सांडलेली. चाचा त्या ओळीवर बोट ठेवून हसले, सांगितलं काही नाही.

ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर कामांची वाटणी ठरलेली असायची. पी अँड ओच्या बोटीवर डेकवर कोकणी मुसलमान, इंजिनखोलीत पंजाबी-पठाण, प्रवाशांच्या जेवणाखाण्याला गोव्याचे. डेकवरचा मुख्य सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, मग खलाशी. सारंग माणसं आपल्याच गावची, आपल्याच भावकीतली नेणार. त्यामुळे एका सारंगामागे अख्खी वाडी समुद्रावर. गावात पुरुष उरायचे म्हातारे आणि मुलं. मुंबईत बोटीची वाट बघत दिवस काढायला गावाच्या जमातीची खोली, तिथेच ट्रंका, तिथेच पत्रं, तिथेच भांडणं.

चाचांचा मार्ग बराच काळ आफ्रिकेचा. 'कंपाला' आणि 'करंजा' या बोटींची नावं ते घरच्या म्हशींची घ्यावीत तशी घेतात. मोंबासा, झांजिबार, दारेसलाम, डर्बन. मी विचारलं, बसऱ्याला कधी गेलात का, पूर्वज जिथून आले म्हणतात तिथे? गेले होते म्हणे, दोनदा.

"कसं वाटलं?"

"मना काय वाटायचा? गरम होता."

१२ जानेवारी

काल रात्री उशिरापर्यंत नल्लीच्या छायाचित्रांची यादी केली. खाजगी तपशील झाकून प्रत ठेवायची, मूळ वही घरीच. हे आधी ठरलेलं होतं, पण घरातली तरुण मुलं 'घेऊन जा, इथे वाळवी लागेल' म्हणत होती. न नेणंच बरं. ओलसर हवेसाठी सिलिका जेलच्या पुड्या आणि स्टीलचा डबा देऊन आलो.

विचार करण्यासारखं: बसऱ्याची कथा सगळ्या पुरुषांना पाठ आहे. पण त्यांच्या आजोबांनी, वडिलांनी आणि त्यांनी स्वतः शंभर वर्षं जगाचे समुद्र पालथे घातले, त्याची 'कथा' झालेली नाही. ती पगाराची, रजेची, मनीऑर्डरची भाषा आहे. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. 'त्यात काय सांगायचं, नोकरी होती.' पुढच्या मुलाखतींत अर्धा वेळ याला.

२ फेब्रुवारी, खेड

ही नोंद ऐकीव. बैठक सहकारीची, मी पडवीत बसून चहा प्यायलो.

एका लग्नघरी हळदीच्या रात्री बायकांची गाणी. तिने परवानगी घेऊन ध्वनिमुद्रित केली. अट अशी की पूर्ण फाइल फक्त बायकांनी ऐकावी, शब्द कागदावर आले तर हरकत नाही. म्हणून मी शब्दच वाचतोय.

गाणी कोकणीत, म्हणजे इथल्या मराठी बोलीत, मधे मधे उर्दूचा शिडकावा. अल्लाचं नाव घेऊन सुरुवात, मग नबी, मग बीबी फातिमा. नवरीला मांडवात आणताना फातिमेच्या लग्नाची आठवण. इथपर्यंत अपेक्षित. त्यानंतर गाणं उतरतं ते थेट अंगणात: मांडवाला पाच खांब, मांडवावर माडाच्या झावळ्या, दारात अबोली, जात्यावर हळद दळणाऱ्या जावा, आणि नवऱ्या मुलाच्या आईला मनसोक्त चिमटे. समुद्र येतो तो नवरा बोटीवर गेल्याचा, पत्र न आल्याचा. एका गाण्यात बाई खाडीला विचारते की माझ्या माहेरची होडी तू कुठे अडवलीस.

सगळ्या गाण्यांत हज्जाज नाही. बसरा नाही. गलबत फुटत नाही. बायकांचा प्रवास एकच आहे, माहेरहून सासरी, आणि तो एका खाडीतून दुसऱ्या खाडीत.

सहकारीला दाभोळच्या रात्रीचं तिचंच वाक्य आठवलं: आमच्या कथेत बायका गलबतात नाहीत. "कशा असतील," ती म्हणाली, "त्या इथेच होत्या की." पुरुषांची कथा बापाचं मूळ सांगते. आई कोकणची, हे ती कथा आडवळणाने कबूल करते आणि पुढे निघून जाते. गाणी त्या आयांकडून आली. हळद, मांडव, अबोली, सासूचे टोमणे, यांपैकी काहीही अरबस्तानातून आणावं लागलेलं नाही. आणि बायकांनी ते लपवलेलंही नाही. पुरुषांना ऐकायला बोलावलं नाही, एवढंच.

हल्ली काही गावांत ही गाणी बंद होत चाललीत. 'हे आपलं नव्हे' असं सांगणारे मौलवी आहेत तसे डीजेही आहेत. आजींच्या मते डीजेने जास्त नुकसान केलं.

१६ फेब्रुवारी, रत्नागिरी, मिरकरवाडा

सकाळी बंदरावर, बोटी रिकाम्या होताना. बांगड्याच्या पाट्या, बर्फ, डिझेलचा वास, तीन भाषांत शिव्या. इथली मुख्य वस्ती दालदी मच्छीमारांची.

खाडीकाठच्या खोत-काझी-मुकादम घरांमधून हिंडून इथे आलं की हवा बदलते. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये 'जमाती' आणि 'दालदी' असे इथल्या मुसलमानांचे दोन गट वेगळे नोंदवलेत, आणि ती रेघ अजून पुसलेली नाही. सोयरीक जुळवताना ती दिसते. खाडीकाठी एका घरात मला हळूच सांगितलं गेलं होतं, "ते आणि आम्ही एक नव्हे, आम्ही अरब." म्हणजे अरबस्तान हे नुसतं मूळ नाही, ते वरची पायरीही आहे. इस्लाममध्ये जात नाही असं म्हणणारी माणसं आणि वंशावळ काढून दाखवणारी माणसं पुष्कळदा तीच असतात. याबाबतीत आम्हा हिंदूंनी बोलू नये हे खरं, पण नोंद करायला हवी.

दालदी तांडेलांशी तासभर बोललो. त्यांना मुळाचा प्रश्न कंटाळवाणा वाटला. एलईडी दिवे लावून केलेली मासेमारी, परराज्यातल्या बोटी, डिझेलचा परतावा, यावर ते दुपारपर्यंत बोलले असते. शेवटी मी विचारलंच. ते म्हणाले, "आम्ही दर्याचे. दर्या अरबांचा की मराठ्यांचा ते तुम्ही शिकलेले बघा." मग स्वतःच जोडलं की शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, तो आपल्यातला. दौलतखान होता हे खरंच. कोणातला होता यावर मी वाद घातला नाही.

९ मार्च

रोजे चालू, मुलाखती बंद. लिप्यंतराचं काम.

नियम पक्का केला: जसं बोलले तसं लिहायचं. 'मना'चं 'मला' करायचं नाही. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, १९०५ मध्ये, बाणकोटी आणि दालदी या बोलींच्या स्वतंत्र नोंदी आहेत. एका आयरिश साहेबाने दिलेला मान आपण काढून घ्यायला नको.

संध्याकाळी केपटाऊनला व्हिडिओ कॉल. तिथे कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून गेलेली. मोर्बा, करजी, हबसाणातली गावं. पलीकडे दोघी बहिणी, सत्तरीच्या. जन्म तिथलाच. आफ्रिकान्स मिसळलेल्या इंग्रजीत सुरुवात केली आणि सहकारीने खेडच्या बोलीत एक वाक्य टाकताच दोघींची भाषा बदलली. त्यांची कोकणी इथल्यापेक्षा जुनी वाटली. उर्दू शाळांनी इथे जे शब्द मागे ढकलले ते तिथे शाबूत आहेत. सांदणाच्या पिठावरून खेड आणि केपटाऊन यांच्यात दहा मिनिटं वाद झाला: नारळाचं दूध किती, रवा किती जाड.

त्यांच्याकडून कळलं ते महत्त्वाचं. केपटाऊनचे मलाय मुसलमान शाफई, कोकणीही शाफई, गुजराती हनफी. त्यामुळे त्यांच्या बापजाद्यांचं मशिदीत उठणंबसणं हिंदुस्तानी गुजरात्यांपेक्षा मलायांशी जास्त जुळलं. तेराशे वर्षांपूर्वीची बसऱ्याची कथा पुराव्यानिशी कुणाला सांगता येत नाही. शंभर वर्षांपूर्वीची ही मात्र दोन म्हाताऱ्या आपापल्या आजीचं नाव घेऊन सांगतात.

१३ एप्रिल, दाभोळ खाडीकाठचं गाव

ईदनंतर जमातीसमोर आतापर्यंतचं काम ठेवलं. पुरुष मशिदीशेजारच्या दालनात, बायका आतल्या खोलीत, मधे दार उघडं. निवडक ध्वनिमुद्रणं ऐकवली. नल्लीवाल्या चाचांचं 'गरम होता' ऐकून दोन्ही खोल्या हसल्या.

मग वाद. गावासाठी जी पुस्तिका करायची आहे तिचं पहिलं प्रकरण हज्जाजच्या कथेचं हवं, असा बुजुर्गांचा आग्रह. एका तरुणाचा उलट आग्रह, तो पुण्यात शिकतो: ही कथा छापूच नका, उद्या कोणीतरी तिचा फोटो काढून 'बघा, हेच म्हणतायत आम्ही परके' म्हणून फिरवील. त्याची भीती खोटी नाही. बुजुर्ग म्हणाले, भीतीने बापाचं नाव बदलायचं का? दोघांच्याही बाजूने माना हलल्या.

आतल्या खोलीतून आवाज आला, आधी गाणी छापा. त्यावर कुणालाच हरकत घेता आली नाही.

शेवटी ठरलं ते असं: पहिलं प्रकरण लग्नाच्या गाण्यांचं, शब्द फक्त, आवाज नाही. दुसरं खलाशांचं. हज्जाजची कथा तिसऱ्यात, चित्पावनांच्या आणि बेने इस्रायलांच्या कथेशेजारी, एकाच पानावर तीन स्तंभांत. चिंचणीचा ताम्रपट चौथ्यात. पुण्याच्या मुलाने तीन स्तंभांची कल्पना ऐकली आणि म्हणाला, असं असेल तर फोटो काढू दे.

नोंदपत्रकातला 'मातृभाषा' हा रकाना अजून अर्धा रिकामा आहे. जनगणनेत बहुतेकांनी उर्दू लिहिलेली, मुलं इंग्रजी शाळेत, मुलाखत दिली कोकणीत. आम्ही रकाना दोन ओळींचा केला. वरच्या ओळीत माणूस सांगेल ते, खाली ध्वनिमुद्रणात प्रत्यक्ष ऐकू येतं ते. विसंगती असली तर असू द्यावी.

पुढची फेरी मिरकरवाड्याची, १ जूननंतर. मासेमारीची बंदी लागली की तांडेल घरी सापडतील. माइकला वाऱ्याचं नवं आवरण घ्यायचं आहे, आणि खेडच्या आजींना ध्वनिमुद्रणाची प्रत पेन ड्राइव्हवर नव्हे, फोनवर टाकून द्यायची आहे.